मामांची जावा: सिलॅबसबाहेरचं प्रॅक्टिकल

सेकंड इयरला स्लायडर-क्रँकचं गणित सगळ्यांच्याच वाट्याला येतं. क्रँक अमुक अंश फिरला तर पिस्टन किती सरकला ते काढा. आपण सूत्र पाठ करतो, पेपरात उतरवतो आणि पेपर संपल्यावर चहाच्या टपरीवर विसरून येतो. हेच गणित उलट्या बाजूने हाताने करणारा एक माणूस आमच्या घरात होता. माझे मामा. आयटीआय टर्नर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात जवळजवळ तीस वर्षं लेथवर उभे राहिले आणि उरलेल्या वेळात जुन्या मोटरसायकली पुन्हा उभ्या केल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते हार्ट अटॅकने गेले. बावन्न वय म्हणजे काही जाण्याचं वय नव्हे. माझी तेव्हा फर्स्ट इयरची पहिली सेमिस्टर चालू होती.

मराठी विभागासाठी तांत्रिक लेख दे, असं संपादकांनी सांगितलं. हा तांत्रिकच लेख आहे. पण यातलं जे काही मला येतं ते मामांच्या मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आलं, त्यामुळे त्यांना वगळून लिहिता येणार नाही. सरांनी सांभाळून घ्यावं.

मामांनी सगळ्या मिळून तीनच गाड्या केल्या. पहिली गल्लीतल्या दूधवाल्याची राजदूत १७५. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सची ही गाडी मूळच्या पोलंडच्या एसएचएल एम ११ वरून घेतलेली होती. दोन्ही बाजूंना कॅन लावून खेड्यापाड्यांतून दूध घालणाऱ्यांची ती लाडकी. दुसरी येझदी रोडकिंग. ती पूर्ण व्हायला चार वर्षं लागली, आणि २०१६ साली ताईला (म्हणजे मामांच्या मुलीला) इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली तेव्हा मामांनी ती विकून पहिल्या वर्षाची फी आणि हॉस्टेलचं डिपॉझिट भरलं. मामी सांगतात, गाडी देऊन ते केएमटीच्या बसने घरी आले, हातात फक्त हेल्मेट होतं. जेवताना एवढंच म्हणाले, "गिऱ्हाईक बरं मिळालं."

तिसरी १९६९ ची जावा. २०११ मध्ये पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावातून, गोठ्याच्या मागून उचलून आणलेली. हिची गोष्ट सांगायची आहे.

आधी थोडं गाडीबद्दल, कारण आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये २०१८ नंतर बाजारात आलेल्या नव्या जावा दिसतात आणि तीच जावा असं पुष्कळांना वाटतं. झेक उद्योजक फ्रांटिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये जर्मनीच्या वांडरर कंपनीचा मोटरसायकलचा धंदा घेतला आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून 'जावा' हे नाव केलं. आपल्याकडे रुस्तुम इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून म्हैसूरला ही गाडी बनवायला सुरुवात केली. पुढे १९७३ च्या सुमारास नाव 'येझदी' झालं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. इंजिन २५० सीसी, टू-स्ट्रोक, बोअर ६५ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. गिअरचा लिव्हर आणि किक हे एकच दांडकं: आत दाबून वर फिरवलं की किक, पुन्हा पुढे टाकलं की गिअर. आणि गिअर बदलताना तोच लिव्हर आतून क्लचही सोडवतो, म्हणजे हाताने क्लच न दाबता गिअर पडतो. साठ वर्षांपूर्वीच्या गाडीत ही सोय होती हे ऐकून आमच्या डिझाइनच्या सरांनीही दोनदा विचारलं.

आता मामांची पद्धत. पाना हातात घ्यायच्या आधी वही. दोनशे पानी, लांबोळकी, किराणा दुकानात उधारीला वापरतात तसली. प्रत्येक नटबोल्ट काढायच्या आधी त्याचं चित्र, कुठल्या बाजूचा, किती वॉशर, वॉशरचा क्रम. काढलेला प्रत्येक भाग बिस्किटांच्या नाहीतर तुपाच्या डब्यात, डब्याला नंबर, तोच नंबर वहीत. मी आठवीत असताना रविवारी दुपारी माझं काम होतं नंबर चिकटवणं. "आधी बघ, मग पाना लाव," हे मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल याला हिशोब नाही. मशीन ड्रॉइंगला असेंब्लीतून डिटेल ड्रॉइंग काढताना वर्गात रडारड चालते, तेव्हा मला त्या वहीची पानं डोळ्यांपुढे येत. एक्स्प्लोडेड व्ह्यू हा शब्द मामांना माहीत नव्हता, काढत मात्र झकास.

वहीत लाल शाईचा एक रकाना होता: 'चुका'. त्यात २०१४ ची एक नोंद आहे: "सिलिंडर ठोकून काढला. एक फिन तुटली. घाई केली. माझीच चूक." आपल्या जर्नलमध्ये असा रकाना असता तर रीडिंग शेजाऱ्याचं उतरवण्याची गरज पडली नसती, असं मला उगाच वाटून जातं. असो.

आणखी एक रकाना होता, तो मला फार उशिरा कळला. प्रत्येक कामासमोर अंदाजे खर्च आणि 'कधी'. "बोअर व पिस्टन: बोनसनंतर." "स्पोक, रिम: आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर." "क्रोम: ताईच्या फीनंतर." एखाद्या कामासमोर तीन-तीन वेळा खोडून पुढची तारीख आहे. बारा वर्षं ही गाडी का झाली नाही, याचं उत्तर त्या रकान्यात सरळ लिहिलेलं आहे. रविवारी सकाळी मटण आणायचं, मग आजीची औषधं, मग ज्याच्या त्याच्या घरचा नळ, मिक्सर, शिलाई मशीन. गाडीसाठी दुपारी तीन ते सहा. सहा वाजले की रॉकेलने हात धुवायचे. मामींनी मध्येच हाक मारली तर पाना तिथेच ठेवून उठायचे, "एवढं झालं की येतो" असं मी कधी ऐकलं नाही.

गंजापासून सुरुवात करतो, कारण जुन्या गाडीत पहिली लढाई तीच. बाजारात ॲसिड मिळतं, पण ते गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातं. आमच्या भागात साखर कारखाने भरपूर, त्यामुळे मामा मळी वापरत, म्हणजे मोलॅसिस. जनावरांच्या खाद्यात घालायला आणलेली असते, त्यातली थोडी. एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी, त्यात ब्रॅकेट, स्टँड, नटबोल्ट बुडवून दोन-तीन आठवडे विसरून जायचं. मळीतले सेंद्रिय घटक गंजातल्या लोखंडाला धरून सोडवून घेतात आणि खालच्या धातूला फारसा धक्का लागत नाही. केमिस्ट्रीत याला कीलेशन म्हणतात. वास मात्र असा की शेजारचे भांडायला येतात. ॲल्युमिनियमचा भाग चुकूनही टाकू नका, तो खराब होतो.

घाई असेल तर इलेक्ट्रॉलिसिस. प्लॅस्टिकची बादली, पाण्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जर. गंजलेला भाग निगेटिव्हला आणि एखादा टाकाऊ लोखंडी तुकडा पॉझिटिव्हला. दोन गोष्टी लक्षात ठेवा. स्टेनलेस स्टीलचा तुकडा लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हे काम उघड्यावर करा, कारण हायड्रोजन सुटतो. हॉस्टेलच्या खोलीत अजिबात नको. रेक्टर सर हा लेख वाचणार आहेत.

जावाचा पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट अडकलेला होता. तो वहीतला तुटलेला फिन त्याच झटापटीतला. त्यानंतर मामांनी ठोकणं बंद केलं आणि डिझेल व ऑइल एकत्र करून वरून भरून ठेवलं. दोन महिने. दर रविवारी थोडं गरम करायचं, थंड होऊ द्यायचं, पुन्हा भरायचं. यामागचा हिशोब बघा. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. ॲल्युमिनियम अंशामागे दहा लाखांत सुमारे २३ भाग फुगतं, बीड सुमारे ११. ६५ मिलिमीटर व्यासाला १०० अंश तापमान वाढलं तर पिस्टन ०.१५ मिलिमीटर वाढतो आणि सिलिंडरचं भोक ०.०७. दोघांची वाढ सारखी नाही, म्हणून गरम-थंड करताना मधला गंज तडकतो आणि ऑइल आत शिरतं. चालत्या गाडीत पिस्टन सीझ होतो तोही याच फरकामुळे, कारण पिस्टन सिलिंडरपेक्षा जास्त तापतो. बोअर करून नवा पिस्टन घालताना मधली जागा किती ठेवायची हे याच आकड्यांवर ठरतं. मामांना हे गुणांक माहीत नव्हते. पण लेथवर ॲल्युमिनियमचा जॉब गरम असताना मापला तर माप खोटं येतं, हे त्यांना तीस वर्षांचं माहीत होतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचा पूर आला. नदीकडची आमची पेठ पाण्यात गेली. पाणी वाढतंय म्हटल्यावर मामांनी आधी आजीला आणि शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना वर हलवलं, मग मामी-ताईंना पाहुण्यांकडे पोचवलं, गल्लीतली चार घरं रिकामी करायला मदत केली. ग्रीस लावून पॉलिथिनमध्ये गुंडाळलेला क्रँक तेवढा कुणीतरी माळ्यावर टाकला होता. बाकीचे डबे तरंगत गेले ते दोन घरं पलीकडे सापडले. फ्रेम चिखलात. वही भिजली. पाणी ओसरल्यावर मामांनी पहिले तीन आठवडे दुसऱ्यांच्या मोटारी आणि पंप उघडून वाळवून दिले. मग वहीची पानं दोरीवर वाळत घातली, कपड्यांसारखी.

मामा गेले तेव्हा इंजिन डब्यांत होतं. सिलिंडर बोअर झालेला, नवा पिस्टन, नवी बेअरिंग आणि सील आणून ठेवलेली. वहीच्या शेवटच्या लिहिलेल्या पानावर एकच ओळ: "क्रोम: ताईच्या लग्नानंतर."

लग्न ठरलेलं होतं, ते मे २०२४ मध्ये झालं. देणंही झालं. त्याच सुमाराला जुन्या गाड्यांचं सामान घेणारे एक गृहस्थ घरी आले. टाकी, हेडलॅम्प आणि दोन सायलेन्सर यांचे ते पैसे देणार होते, बाकीचं भंगारात घाला म्हणाले. ताई रडली. मामी रडल्या नाहीत. म्हणाल्या, "गाडी चालली तर राहील. दिवाळीपर्यंत बघा. नुसते डबे मला नको आहेत, रोज झाडताना दिसतात."

मग मी, ताई आणि मामांचे लेथवरचे जोडीदार मिस्त्री असे तिघं बसलो. सुट्टीत रोज, नंतर मी हॉस्टेलवरून शनिवार-रविवार. वही समोर. डबा सतरा, चित्र सतरा. ज्यांनी कधी इंजिन उघडलेलं पाहिलं नाही अशा ताईने गिअरबॉक्सचे निम्मे भाग फक्त चित्रं बघून ओळीने मांडले. एकाच ठिकाणी अडलो. गिअरबॉक्समधल्या पातळ वॉशरचं पान पुरात पुसट झालं होतं. किती जाडीचे, कुठल्या बाजूला, काही वाचता येईना. तिथे मिस्त्री उपयोगी पडले. वॉशरशिवाय शाफ्ट बसवून त्याची पुढे-मागे हालचाल फिलर गेजने मापली, आणि तेवढी जाडी भरून काढून अगदी थोडी ढिलाई ठेवली. ते आकडे ताईने नव्या पानावर लिहिले.

क्रँकच्या दोन बाजूंच्या सीलबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण टू-स्ट्रोक गाडी धूर का मारते यावर चहाच्या टपरीवर फार चुकीची व्याख्यानं होतात. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, पिस्टन खाली येताना तिथे दाबलं जातं आणि मग वर जातं. म्हणजे क्रँककेस हाच पंप. पंप गळका असून चालत नाही. जावात डाव्या बाजूला क्लच आणि त्याचं ऑइल आहे. डावं सील गेलं तर ते ऑइल आत ओढलं जातं, गाडी पांढरा धूर सोडते आणि गिअरबॉक्सचं ऑइल कमी होत जातं. उजव्या बाजूला डायनॅमो, तिथे ऑइल नाही. ते सील गेलं तर नुसती हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, गाडी तापते आणि एक दिवस सीझ होते. धूर एका सीलची तक्रार सांगतो, दुसऱ्याची सांगत नाही. दुसरंच जास्त धोक्याचं.

आता सुरुवातीचं गणित. पेट्रोल पेटलं तरी ज्योत पसरायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचायच्या थोडी आधी ठिणगी पडावी लागते. मामांच्या वहीत आकडा आहे ३ मिलिमीटर. स्ट्रोक ७५, म्हणजे क्रँकची त्रिज्या ३७.५. तीनला ३७.५ ने भागलं की ०.०८. कनेक्टिंग रॉड फार लांब आहे असं मानलं तर कोसाइन ०.९२ आणि कोन २३ अंश. पण खरा रॉड त्रिज्येच्या चौपट धरला तर त्याच्या तिरकेपणामुळे वरच्या टोकाजवळ पिस्टन जास्त भराभर सरकतो, आणि तेच ३ मिलिमीटर पावणेएकवीस अंशांत होतात. सूत्रातलं दुसरं पद आपण परीक्षेत कंटाळून सोडून देतो, ते इथे सव्वादोन अंशांचं आहे.

मामा अंशांच्या वाटेला जात नसत. हेड बसवायच्या आधी व्हर्नियरच्या मागची दांडी पिस्टनवर टेकवायची, सगळ्यात वरची जागा शोधायची, तिथून क्रँक उलटा फिरवून पिस्टन ३ मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त खाली न्यायचा, आणि सुलट फिरवत बरोबर ३ वर थांबायचं. म्हणजे मधली ढिलाई निघून जाते. रॉड कितीही लांब असो, प्रश्नच येत नाही, कारण जे हवं तेच थेट मापलं. त्याआधी पॉइंट पूर्ण उघडे असताना त्यांच्यातलं अंतर ०.४ मिलिमीटर करून घ्यायचं. हा क्रम उलटा केला तर टायमिंग पुन्हा हलतं. पॉइंट नेमके कधी उघडतात हे बघायला पतंगाच्या कागदाची पट्टी मध्ये धरायची आणि हलका ताण द्यायचा. कागद सुटला की पॉइंट उघडला. या जागी एक अंश म्हणजे पिस्टनचे जेमतेम ०.२८ मिलिमीटर. कागदाने एवढं कळतं का, असं मी मामांना एकदा विचारलं होतं. त्यांनी माझ्या हातात पट्टी दिली. कळतं.

दिवाळीच्या चार दिवस आधी गाडी सुरू झाली. अकराव्या किकला. आवाज ऐकून गल्लीतला दूधवाला धावत आला. मामी ओट्याजवळून बाहेर आल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि धुराने डोळे चुरचुरतात म्हणून आत गेल्या. संध्याकाळी त्यांनीच त्या गृहस्थांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. लग्नाच्या देण्याचे हप्ते ताईने आपल्या पगारातून भरायचे ठरले.

गाडी आज चालू आहे. महिन्यातून दोनदा रंकाळ्यापर्यंत जाऊन येते. पेट्रोलमध्ये ऑइल १:२५, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्याचा विचार जुनी गाडी ठेवणाऱ्याने करायलाच हवा. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला हवेचे १४.७ भाग लागतात, या मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे जुन्या जेटवर गाडी पातळ मिश्रणावर चालते. आम्ही मेन जेट एक नंबर मोठा घातला आणि पेट्रोलच्या नळ्या नव्या रबराच्या बसवल्या. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं, त्यामुळे गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवतो.

कागदपत्रांचं म्हणाल तर २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, जुना नंबरही राहतो. पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही. त्यावर घरात अजून चर्चा चालू आहे. क्रोम केलेलं नाही. टाकीच्या बाजूचा मूळचा मुलामा खरवडलेला आहे तसाच आहे, आणि वहीतली ती ओळही खोडलेली नाही.

एक अडचण शिल्लक आहे. गाडी ६ व्होल्टची, डीसी डायनॅमोची. रेग्युलेटर जुन्या पद्धतीचा, कॉइल आणि पट्ट्यांचा. दिवसा चार्जिंग नीट दिसतं, हेडलाइट लावला की पडतं. मिस्त्रींच्या मते पट्ट्यांमधलं अंतर बिघडलंय, मला ब्रशवर संशय आहे. इलेक्ट्रिकलच्या कुणाला या प्रकारच्या रेग्युलेटरवर हात चालवायचा असेल तर त्याने जेवणानंतर मेसच्या दारात मला गाठावं. वहीची त्या पानाची झेरॉक्स माझ्याजवळ आहे.